थंड व्हायला बारा तास

संपादकांचा फोन आला तेव्हा मी परसदारी नारळ सोलत होतो. "सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत होतात, तिथल्या गमतीजमती लिहा की अंकासाठी," ते म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. गजाल सांगायची तर मला आग्रह करावा लागत नाही. आमच्या घरात बारसं असो की बारावं, जेवणं उरकून मंडळी सुपारी कातरायला लागली की कोणीतरी म्हणतंच, "दिग्याक बसवा रे मधी." आणि दिग्या, म्हणजे मी दिगंबर, बसतो. फोन ठेवून पुन्हा नारळ हातात घेतला आणि मग लक्षात आलं, सव्वीस वर्षांतल्या ज्या गजालीवर मी सगळ्यात जास्त हशा मिळवला, तीच आता मला हसत सांगता येत नाही. बाकीच्या गमतींमध्ये तसा काही जीव नाही. म्हणून हीच लिहितो.

आधी कामाबद्दल. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी भट्ट्या सांभाळायचो. पदाचं नाव तंत्रज्ञ. भट्टी म्हणजे लोहाराची नव्हे. टेबलावर मावणारी आडवी पेटी, तिला बिजागरीवर उघडणारं झाकण आणि तिच्यातून आरपार गेलेली एक पारदर्शक नळी. नळीत एकीकडे मॉलिब्डेनम आणि टेल्युरियमची भुकटी ठेवायची, मध्ये नखाएवढी नीलमण्याची चकती. भट्टी सातशे अंशांवर न्यायची, वायूची हलकी झुळूक सोडायची, की भुकटीची वाफ पुढे सरकते आणि चकतीवर त्या अणूंचा पापुद्रा वाढतो. पापुद्रा तीन अणूंएवढा जाड. त्याहून पातळ करता येत नाही, कारण मग तो पदार्थच राहत नाही.

गावात हे समजावणं कठीण. माझी आत्या, वय ऐंशीच्या पुढे, एकदा म्हणाली, "दिग्या, तू नेमका करतंस तरी काय रे थंय?"

"पापुद्रे वाढवतंय, आत्ये."

"कसले? दाखव बघू एक."

"दिसणत नाय ते."

"दिसणत नाय? मगे पगार कित्याक देतत तुका?"

सावंतवाडीच्या एका नातेवाइकांनी तर साडेसाती सुरू झाली म्हणून माझ्याकडे नीलम मागितला होता. मी त्यांना फुटक्या चकतीचा तुकडा दाखवला. आमचा नीलमणी कारखान्यात बनवलेला, पाण्यासारखा बिनरंगी. त्यांनी तो उजेडात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्या शनीक कळाचा पण नाय." तुकडा परत दिला.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण ते आमच्या धंद्याचं खास लक्षण आहे. टेल्युरियमचा कण जरी पोटात गेला तरी श्वासाला लसणीचा वास येतो, आणि तो दात घासून जात नाही, दिवसचे दिवस राहतो. म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत कोणी हातमोजे न घालता काम केलं, हे वासावरून कळायचं. माझं बऱ्याचदा कळायचं.

आता पापुद्र्याची खरी गंमत. अणू तेच, पण त्यांची मांडणी दोन तऱ्हांची होऊ शकते. एका मांडणीत तो पापुद्रा वीज अडवत-सोडत जाणारा, म्हणजे अर्धवाहक, आणि दुसऱ्या मांडणीत थेट धातूसारखा. शास्त्रज्ञ याला प्रावस्था बदलणं म्हणतात. मी घरी असं सांगायचो: चवथीला खोलीत चाळीस माणसं आहेत. आरतीला ती गणपतीकडे तोंड करून दाटीवाटीने उभी राहतात. आरती झाली की तीच माणसं भजनाला बसतात, समोरासमोर दोन रांगा करून. माणसं बदलली नाहीत, खोली बदलली नाही, मांडणी बदलली. भट्टी तापलेली असते तेव्हा अणू आरतीला उभे असतात, ती धातूची प्रावस्था. सावकाश थंड केलं, तर त्यांना नीट भजनाला बसायला सवड मिळते, ती अर्धवाहक. झटकन थंड केलं, तर जो जिथे उभा आहे तो तिथेच गोठतो. खालची चकती म्हणजे खोलीतली फरशी. माणसं लादीच्या रेषा धरून बसतात तसे अणू स्फटिकाच्या ओळी धरून बसतात. मग चकती वेगळ्या कोनात कापली, तर केवळ फरशीच्या जोरावर माणसांना उभं ठेवता येईल का? ऋतुजाचा सगळा प्रबंध या प्रश्नावर होता.

ऋतुजा अमरावतीची. पीएचडी करायला आली तेव्हा भट्टीचं झाकण उघडायलाही घाबरायची. मीच तिला शिकवलं. सगळे मला दिगंबरकाका म्हणत, ही नुसतं काका म्हणायची. माझ्या डब्यातली सोलकढी प्यायची आणि दर वेळी "थोडी तिखट आहे ना, काका," म्हणून अजून मागायची.

आमच्या घरी गणपती चार भावकीत मिळून एक. मूर्ती शाळेतून, म्हणजे गावात जिथे मूर्ती घडवतात तिथून, घरी आणायचा मान पाळीपाळीने जातो. त्या वर्षी पाळी आमची होती. मूर्ती डोक्यावर घेऊन व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, चालत यायचं, मागे ढोल. वडील गेल्यानंतरची ही पहिलीच पाळी, म्हणजे डोकं माझं. चवथीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला माझी बस होती.

नेमकी त्याच दिवशी ऋतुजाची भट्टी लागली. नव्या कोनात कापलेली पहिली चकती. तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या यंत्रावर वेळ मिळाला होता, तो सोडता येईना, म्हणून ती सकाळीच गेली. जाताना कागद चिकटवून गेली: वाढ संपली की मिनिटाला एक अंश या गतीने थंड करणे. एकूण बारा तास. झाकण उघडू नये. दर तासाला नोंद. खाली हसरा चेहरा काढला होता.

दुपारी दोनला वाढ संपली. त्यात बारा तास मिळवले की रात्रीचे दोन. बदली माणूस शोधला, पण आमच्या विभागातले निम्मे तंत्रज्ञ सिंधुदुर्गातले, आणि चवथीच्या आदल्या दिवशी सिंधुदुर्गातला माणूस मुंबईत सापडत नाही. उरलेल्यांना भट्टीचं काही कळत नव्हतं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, सकाळीच विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आज करू नका, चार दिवसांनी करा. एवढं सोपं होतं. पण आता भुकटी तापून गेली होती, माझी बॅग भरलेली होती, आणि परवानगी मागणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. शाळेतही मी लघवीला जायला हात वर केला नाही. त्याचे परिणाम मोठी माणसं अजून सांगतात.

तर मी काही वेळ थांबलो आणि झाकण उघडलं. शेजारचा पंखा नळीवर सोडला. जे बारा तासांत व्हायचं ते अर्ध्यापाऊण तासात झालं. चकती काढली, डबीत घातली, डबीवर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं.

आणि मग नोंदवही ओढली. ती भट्टी जुनी, आकडे आपोआप साठवणारी नव्हती. सगळ्या नोंदी हाताने. रात्री दोनपर्यंतच्या बारा नोंदी मी तिथे उभ्या उभ्या भरल्या. मला त्या पाठ होत्या, इतक्या वेळा केलेलं काम. सरळ साठ-साठने उतरवल्या तर खोट्या वाटतील म्हणून एखाद्या ठिकाणी दोन अंश इकडे, तीन अंश तिकडे केले. रात्रीच्या नोंदींना पेन बदललं. त्या वेळी मला या पेन बदलण्याचं कौतुक वाटलं होतं, हे लिहायला हवं.

बस मिळाली. सकाळी घरी पोचलो तर आत्या ओटीवर. जवळ गेलो तशी मागे सरली.

"दिग्या! आज चवथ आणि तू लसूण खावन इलंस?"

"लसूण नाय गो आत्ये, टेल्युरियम."

"नाव बदललंस म्हणान वास जाता काय? जा, आंघोळ कर आदी."

मूर्ती मी डोक्यावरून आणली, तोंड मिटून. दुपारी जेवणं झाली आणि मला मध्ये बसवलं. मी भट्टी फसवल्याची गजाल सांगितली. कागदावरचा हसरा चेहरा, पंखा, पेन बदलणं, सगळं. झाकण आत्याच्या मोदकपात्राचं झाकण उघडावं तसं फडकं धरून उघडून दाखवलं. आतली नळी कशी लालभडक निखाऱ्यासारखी दिसली, मी कसा "मोरया" म्हणून मागे उडी मारली. माझा चुलतभाऊ भाई हसता हसता भिंतीला टेकला. पाच दिवसांत ती गजाल मी चार वेळा सांगितली. प्रत्येक वेळी थोडी वाढली.

परत गेलो तर ऋतुजा दारात पेढे घेऊन उभी. "काका! धातू आलाय! हळू थंड करूनही धातूच राहिला. फरशीनं धरून ठेवलं त्यांना!" फरशी माझाच शब्द. मग तिने अगदी रीतसर विचारलं, "थंड होताना काही वेगळं झालं का, काका? वीज गेली, झाकण सैल राहिलं, असं काही?"

"नाही गं. नोंदवहीत आहे सगळं."

पेढा तोंडात होता माझ्या.

तिने शोधनिबंध लिहून एका विज्ञान नियतकालिकाला पाठवला. परीक्षकांनी कळवलं, छान आहे, पण पुन्हा करून दाखवा. बाहेरदेशी एका प्रयोगशाळेत तिची जागा याच निकालावर ठरत होती. तो पक्का करून दाखवायचा होता, मगच ती जागा तिची. तिने पुन्हा केलं. अर्धवाहक. पुन्हा केलं, अर्धवाहक. चकत्यांचं दुसरं खोकं मागवलं. भुकटी बदलली. वायूची टाकी बदलली. आधी आठवड्याला एकदा, मग दोनदा. रात्ररात्र बसून ती स्वतः बारा तासांच्या नोंदी लिहायची, खऱ्या, आणि माझ्या खोट्या नोंदींशी ओळ न् ओळ ताडून बघायची. माझ्या वहीत सातव्या तासाला तीन अंशांचा फरक होता. तो काहीतरी सांगत असावा म्हणून तिने सातव्या तासाला मुद्दाम तीन अंशांचा झटका देऊन पाहिला. चार वेळा. तो फरक मी का लिहिला होता हे मला माहीत होतं.

मी सांगायला हवं होतं, हे रोज वाटायचं. पहिल्या महिन्यात वाटलं, आता सांगितलं तर ती चिडेल. चौथ्या महिन्यात वाटलं, आता सांगितलं तर विचारेल, चार महिने काय करत होतात? पुढे पुढे तर सांगणं दर दिवसाला आणखी महाग होत गेलं. ती वाळली. डबा उघडायची नाही. सर भट्टीपाशीच घेतलेल्या बैठकीत म्हणाले, "पहिल्या वेळी तू काय केलंस तेच तुला माहीत नाही, असं दिसतंय." मी मागे उभा राहून पंपाचं तेल तपासत होतो.

एकदा ती म्हणाली, "काका, तुमच्या हातानं आलं होतं. तुम्हीच लावा ना परत." मी लावली. ती कोपऱ्यात स्टुलावर डोळे मिटून बसली होती आणि माझा हात झाकणाच्या कडीवर गेला. गुपचूप उघडलं, तर तिला हवं ते मिळालं असतं. मी हात काढून घेतला. त्या रात्री मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. इतका मी घसरलो होतो की दुसऱ्यांदा फसवलं नाही, यालाच प्रामाणिकपणा समजत होतो.

वर्ष झालं. चवथ आली. माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिने फोनवर ऋतुजाला बोलावलं, "चार दिवस ये, समुद्र बघ, खा-पी." मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण सांगू काय? ती आली. तारकर्लीच्या किनाऱ्यावर अनवाणी चालली, आत्याबरोबर खोबरं खवायला बसली. आत्याची मालवणी तिला निम्मी कळे, तिची वऱ्हाडी आत्याला पाव, पण दोघींचं छान जमलं. घरच्यांना ही मुलगी 'दिग्याच्या हाफिसातली' एवढंच माहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. सुपारी निघाली. भाई म्हणाला, "दिग्या, ती भट्टी फसयलंस ती गजाल सांग मरे. पावण्यांनी आयकूक नाय."

मी म्हटलं, "जुनी झाली ती. दुसरी सांगतंय."

"नखरे करू नको," आत्या म्हणाली. "तू नाय सांगणस तर मी सांगतंय." आणि उठली. खरोखर उठली. कमरेला पदर खोचला, फडकं घेतलं, मोदकपात्राचं झाकण उघडल्यासारखं केलं, "नळी लालभडक! मोरया!" म्हणून मागे सरली. भाईने पेन बदलण्याचा भाग केला. माझे शब्द, माझे हावभाव, सगळं जसंच्या तसं. घर हसत होतं. ऋतुजाही हसत होती. मग मला तिचं हसू थांबलेलं दिसलं.

मला वाटलं, ती उठून जाईल. रडेल. मला काहीतरी बोलेल, आणि ते एकदाचं होऊन जाईल.

ती म्हणाली, "किती अंशांवर उघडलंत, काका?"

आत्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बघितलं नाही."

"वाढ दोनला संपली. उघडलं किती वाजता?"

"तीन... सव्वातीन असतील."

भाईला वाटलं, आपण मदत करावी. "तुझो फोन इललो मरे माका, 'उघडलंय, निघतंय आता' म्हणान. अडीच वाजले होते. की साडेतीन? मी मखराक कागद चिकटवी होतंय."

तिने वही काढली नव्हती, बोटांवर हिशोब करत होती. "अडीच म्हणजे सहाशे सत्तर. साडेतीन म्हणजे सहाशे दहा. बरंच अंतर आहे." मग माझ्याकडे वळली. "नळी लाल होती, असं आजी म्हणाल्या. दिव्याच्या उजेडात लाल दिसली असेल, तर साडेसहाशेच्या वर. सहाशेच्या जवळ असती तर दिवसा दिसणारच नाही. तेवढ्यावरूनही कळेल. खरंच लाल होती का, काका?"

मी आठवायला गेलो. लालभडक नळी माझ्या डोळ्यांपुढे होती, अगदी स्पष्ट. पण ती प्रयोगशाळेतली होती की ओटीवर मी हातवारे करून उभी केलेली, ते मला कळेना. पहिल्या वेळी सांगताना लाल म्हटलं होतं का? की दुसऱ्या वेळी, भाई हसेना म्हणून? वहीत मी खोटं लिहिलं होतं, आणि घरी खरं सांगताना त्याला इतका रंग फासला होता की खाली काय होतं ते माझं मलाच सापडत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "गोष्टीसाठी म्हटलं असेन."

तिचा चेहरा बदलला तो तेव्हा. झाकण उघडल्याचं ऐकून नाही.

"काय झाला गो बाय?" आत्याने विचारलं. "तेणा काय चुकीचा केल्यान काय?"

"काही नाही, आजी," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. माझी बायको माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. मी निघेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

ऋतुजा त्याच संध्याकाळच्या गाडीने गेली. मी दुसऱ्या दिवशी. चवथीतून मधेच उठून मुंबईला गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. तिने आणि मी मिळून भट्टी सात वेळा लावली आणि वेगवेगळ्या अंशांवर झाकण उघडलं. साडेसहाशेच्या वर उघडलं की धातू, साडेपाचशेला उघडलं की अर्धवाहक, मधे दोन्हींची खिचडी. साध्या चकतीवरही तेच, तिरप्या चकतीवरही तेच. फरशीचा काही संबंध नव्हता. झाकणाचा होता. त्या दिवसांत ती माझ्याशी फक्त आकडे बोलायची.

निबंध मागे घेतला. बाहेरची जागा दुसऱ्या कोणाला गेली. प्रबंधाला दीड वर्ष जास्त लागलं. आता ती एका कॉलेजात शिकवते. मला संस्थेने लेखी समज दिली आणि भट्ट्यांवरून काढून भांडारात बसवलं. पुढे मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. सर भले माणूस, त्यांनी मागे घेण्याच्या पत्रात 'उपकरणातील बिघाडामुळे' असं लिहायचं ठरवलं होतं. मला वाचवायचं होतं त्यांना. ऋतुजा म्हणाली, "भट्टी बरोबर होती, सर."

मग तिने मला निवेदन लिहून आणायला सांगितलं. मी रात्रभर बसून तीन पानं लिहिली. त्यात पाळी होती, वडील होते, व्हाळ होता, बस होती. परवानगी मागायला मला किती जड जातं हे होतं. चांगलं उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते तिच्यासमोर ठेवलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, पेन माझ्या हातात दिलं आणि समोर बसली. पाळीवर बोट ठेवलं. मी ती खोडली. वडिलांवर ठेवलं. खोडले. व्हाळ, बस, सगळं गेलं. एका ठिकाणी 'घाईत माझ्याकडून चुकून' असं होतं. तिथे तिचं बोट बराच वेळ राहिलं. मी 'चुकून' खोडलं, मग 'घाईत'ही.

तीन पानांतून एवढं उरलं:

वाढ दुपारी दोन वाजता संपली. त्यानंतर मी भट्टीचे झाकण उघडले. तापमान पाहिले नाही. नोंदवहीतील पुढील बारा नोंदी मी त्याच वेळी मनाने लिहिल्या. हे एक वर्ष कोणालाही सांगितले नाही.

तिने ते एकदा मोठ्याने वाचलं. "बरोबर?" म्हणाली.

मी मान हलवली आणि सही केली.